वानर किती, राक्षस किती

या, जरा पुढं सरकून बसा. मागं पंख्याच्या घरघरीत ऐकू यायचं नाही. तंजावुरातल्या एका बाईची गोष्ट सांगायची आहे, आणि ती लंकेशिवाय सांगता येत नाही.

कीर्तनकार अंबुजानं दवाखान्यातल्या समुपदेशक भवानीच्या हातून रक्ततपासणीचा कागद जवळजवळ हिसकावलाच.

"हळू! फाटेल, अम्मा," भवानी हसली.

"तूच वाच. माझं काळीज थाऱ्यावर नाही."

दवाखान्याच्या या मागच्या खोलीत तीन वर्षं दोघी लंकेच्याच भाषेत बोलत होत्या. एचआयव्हीचे विषाणू म्हणजे राक्षस, रक्तातल्या सीडी-फोर पेशी म्हणजे वानरसेना. नवरा गेल्यावर अंबुजाची तपासणी झाली, तेव्हा राक्षस चार लाख अन् वानर जेमतेम एकशे दहा. त्यात क्षय. भर कीर्तनात तिचा आवाज बसला, आणि तिनं चिपळ्या रामापुढं ठेवल्या: राक्षस मोजायलाही सापडणार नाहीत, तेव्हाच पुन्हा कीर्तनाला उभी राहीन. पण पाहुणे आले की ती गोळ्या लपवायची, लपवता लपवता चुकवायची, आणि राक्षस पुन्हा माजायचे.

"वानर पाचशे चाळीस," भवानीनं वाचलं.

"अन् ते?"

"यंत्राला सापडलेच नाहीत."

"मेले?"

"दडलेत. गोळी थांबली की बाहेर येतील. रोज, वेळेवर, जन्मभर घ्यायची."

"म्हणजे रावण लंकेतच कोंडला!" अंबुजा उठलीच. "आज रामनवमी गं! आजच उभी राहते."

घरात शिरतानाच तिनं धाकट्या दिराला, कीर्तनात तिच्यामागं टाळ धरणाऱ्या सेतुमाधवाला हाक मारली.

"भाऊजी, टाळ काढा!"

का, कसं, काही न विचारता त्यानं टाळ आणले. लख्ख घासलेले.

संध्याकाळी मठात पाय ठेवायला जागा नव्हती. अंबुजाच्या शब्दासरशी हनुमानानं उडी घेतली, आणि तो समुद्राच्या मध्यावर असतानाच रिवाजाप्रमाणं मिरी घातलेलं गरम दूध आलं. तिथं पेल्याला कुणी ओठ लावत नाही. वरून धार धरायची, उरलेलं टाळकऱ्याला द्यायचं. पण अंबुजा भरात होती. पेला सरळ तोंडाला लागला.

ती थिजली. उष्ट्यानं हा आजार लागत नाही, हे भवानीनं शंभरदा सांगितलं होतं. तरी घरी तिनं स्वतःचा पेला वेगळा ठेवला होता, आणि गोळ्या बीपीच्या म्हणून सांगितल्या होत्या. तिनं दूध पदराआड नेलं.

सेतुमाधवानं ते हात लांबवून घेतलं. तिचे ओठ लागले होते तिथंच तोंड लावून सगळं पिऊन टाकलं.

"अय्यो!" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"भाऊजी, उष्टं ते..."

"बीपीच्या गोळ्यांना दर महिन्याला त्या मागच्या खोलीत कोण जातं, वहिनी?" तो तिलाच ऐकू जाईल इतकं म्हणाला आणि मिशी पुसली. "गा आता. मारुती मघापासून समुद्रावर टांगलाय."

टाळ वाजला. अंबुजाचा सूर असा चढला की वळचणीची कबुतरं उडाली.

तिला तुम्ही विसरणार नाहीच. गळाच तसा आहे. पण रामाचं नाव घ्याल तेव्हा सेतुमाधवाचीही आठवण काढा. कीर्तन बंद होतं ती तीन वर्षं तो दर शनिवारी टाळ घासत होता.