आईचे चाळीस दिवस

"ठेव ती पाटी खाली! आधी ठेव म्हणते ना!"

प्रतिभाबाईंचा आवाज कांद्याच्या वावरात या बांधापासून त्या बांधापर्यंत गेला. उपकेंद्रातल्या या नर्सबाईंना सगळी वारूळवाडी 'सिस्टर' म्हणायची आणि सिस्टर चिडल्या की भलेभले गप्प बसायचे. सोनल तर एकवीस वर्षांची पोर. तिनं मुकाट्यानं पाटी ठेवली.

नऊ दिवसांपूर्वी, ऐन नाताळच्या सकाळी, सातव्या महिन्यातच ती बाळंत झाली होती. प्रतिभाबाईंची नाताळची प्रार्थना त्यात बुडाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. मोठ्या दवाखान्यात हलवलं, डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, पण दुसऱ्या दिवशी ती गेली. आणि आज ही पोर कांदे उचलत होती!

तिची सासू चिमाबाई खुरपं हातात घेऊन पुढं आली. ही डोंगरातली भातशेतीवाली माणसं, भात निघाला की मजुरीला खाली उतरायची.

"सिस्टर, मांडीवर लेकरू न्हाई, मंग कसली बाळंतीण? आमी न्हाई बसलो कधी. रिकाम्या मांडीनं पाचव्या दिशी भाताच्या आवणीला उभी व्हते मी."

"लेकरू गेलं म्हणून हिचं बाळंतपण गेलं का? पदर बघा तिचा, दुधानं भिजलाय. सव्वा महिना लेकराचा नसतो चिमाबाई, आईचा असतो!"

नुसतं बोलून मोकळी होणारी ही बाई नव्हे. रोज ड्युटी सुटली की स्वारी खोपीवर हजर. आळिवाची खीर पाजायची, पाठीला तेल चोळायचं, निघताना सोनलच्या कानांवरून फडकं घट्ट बांधायचं. "वारं शिरलं तर म्हातारपणी माझ्या नावानं बोटं मोडशील," म्हणायचं. एवढं करून कुणाजवळ चकार शब्द नाही. अशी माणसं दिवा घेऊन शोधावी लागतात.

जानेवारी सरता सरता त्या म्हणाल्या, "दोन तारखेला आमच्या चर्चला चला दोघी."

चिमाबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाटवता का काय आमाला?"

"अगं बाई! तुमची सटवाई तुमच्यापाशी, माझी मरिया माझ्यापाशी. नाताळ लेकराचा सण, हा दोन तारखेचा आईचा. देव पोटी आला तरी तिचे चाळीस दिवस काही चुकले नाहीत. ते भरले, मग ती लेकरू घेऊन देवळात गेली. सोनलचेबी त्याच दिवशी भरत्यात."

चर्च लहानसंच. त्या सकाळी प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती होती. फादरांनी वाचलं, की देवळात एक म्हातारा भेटला, त्यानं लेकराला उचलून घेतलं आणि आईला सांगितलं, बाई, तुझ्या काळजातूनही तलवार आरपार जाईल. सोनलनं मान वर केली.

मग फादरांनी नव्या आयांना पुढं बोलावलं. दोघी उठल्या, दोघींच्या कुशीत बाळं. प्रतिभाबाईंनी सोनलच्या हातातली मेणबत्ती पेटवली.

"माझ्याकडं काय हाय न्यायला?" ती पुटपुटली.

"तू हायेस की. ऊठ."

पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. फादर थांबले. त्यांनी काहीही न विचारता नुसती वाट बघितली. सोनल उठली. एका हातात मेणबत्ती, दुसरा हात ज्योतीच्या आड धरून ती त्या दोघींच्या मागोमाग वेदीपर्यंत गेली. प्रतिभाबाई खुशाल रडत होत्या, डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

चिमाबाई मात्र सगळा वेळ दाराशी उभीच होती. कितीदा सांगितलं तरी बसली नाही. प्रार्थना संपून माणसं पांगली, तेव्हा तिनं प्रतिभाबाईंची बाही ओढली.

"सिस्टर, उरल्यात का वं मेणबत्त्या?"

"उरल्यात की. देऊ एक?"



"तीन लागत्याल," चिमाबाई जमिनीकडं बघत म्हणाली.

 प्रतिभाबाई आत गेल्या, तीन मेणबत्त्या आणल्या आणि पायरीवर ओळीनं लावल्या.

"बसा आता," त्या म्हणाल्या.

चिमाबाई बसली. सकाळचं गार वारं सुटलं होतं. प्रतिभाबाईंनी आपला स्कार्फ सोडला आणि म्हातारीच्या कानांवरून घट्ट बांधला.