रजईने खाल्लेले तीन किलोमीटर

बाबा गेल्यानंतर आईने स्वतःहून मागितलेली पहिली वस्तू म्हणजे पॉलिश पेपर.

"बारीक आण," ती म्हणाली. "आणि सौमित्रला सांग, उद्या मी पिंजौरला येतेय. तोवर रंगाच्या डब्याला हात लावू नकोस म्हणावं."

सौमित्र नागपूरचा. आठवडाभर मोहालीत कंपनीची नोकरी करायची आणि सुट्टीला पिंजौरच्या हँगरमध्ये बाबांचं जुनं ग्लायडर पुन्हा उडतं करायचं, हा त्याचा नाद. बाबा खुर्ची टाकून सूचना देत, तो राबे. आता फक्त रंग राहिला होता.

हे बिनइंजिनाचं विमान लाकडाचं नव्हतं, फायबरग्लासचं होतं. बाबांनी ते बनवलं त्या काळी त्यांच्या मित्रांना तो वेडेपणा वाटायचा. बाबा दिवसा चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत उपकरणं बनवत आणि संध्याकाळी घरच्या गॅरेजमध्ये पंख. पंख गॅरेजपेक्षा लांब झाला. त्याचं टोक दारातून बाहेर येऊन थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबे आणि आई हात लांब करून त्यावर ओली फडकी वाळत घाली. पहिलं भांडण त्यावरून झालं. दुसरं रजईवरून झालं आणि ते बाबा जाईपर्यंत चाललं.

चंदीगडच्या जानेवारीत रेझिन, म्हणजे फायबरग्लासचा चिकट रस, वाळायचं नाव घेत नाही. पंख उलटा ठेवून, काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून त्याच्या खालच्या बाजूवर चिकटवलं होतं. बल्ब लावून झाले, तरी ते चिकटच. मग बाबांनी पलंगावरची रजई उचलली आणि पंखाला पांघरली. मध्ये प्लॅस्टिक घालायचं असतं. ते पंखाच्या मुळापाशी जरा कमी पडलं, आणि एवढ्याशाने काय होतंय, असं बाबांना वाटलं. सकाळी रजई निघाली, खोळीचा हातभर तुकडा मात्र निघेना. त्या खोळीवर आईने लग्नाआधी मिरजेला साखळीटाक्याने फुलं भरली होती. बाबांनी कापड खरवडून काढलं तेव्हा खाली रेझिनमध्ये फुलं उमटलेली होती, टाक्यासकट.

ते घासायला बसले तेव्हा आई म्हणाली, "रजई तर खाल्लीत. आता खूणही पुसणार?"

बाबांनी पेपर खाली ठेवला.

हिशेबाप्रमाणे एक किलोमीटर उंचीवरून ते ग्लायडर सदतीस किलोमीटर तरंगत जायला हवं होतं. गेलं चौतीस. "बाकीचे तीन तुझ्या रजईने खाल्ले," असं बाबा ऐकवत. पुढे पुढे त्यांना कारणही लागेना. आमटी जरा अळणी झाली की म्हणत, "आज चौतीसच, सुलोचना." आई म्हणे, "मग पंखालाच वाढा, त्याला चालेल."

टॅक्सीत मी आईला म्हटलं, "राहू देत ना गं फुलं."

"तुला काय जातंय?" ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. "माझ्या हट्टापायी त्यांनी तीन किलोमीटर सोडले. ते परत करायला नकोत?"

मी खिडकीकडे वळले. कालका रोडवर गर्दी होती, ती बघत राहिले.

हँगरमध्ये पंख लाकडी घोड्यांवर उलटा ठेवला होता. पृष्ठभाग डोळ्यांनी तपासायचा नाही, डोळे मिटून तळहाताने तपासायचा, ही बाबांची शिस्त. आईने चष्मा काढला, डोळे मिटले आणि पंखाच्या मुळापासून हात फिरवायला सुरुवात केली. फार शोधावं लागलं नाही.

"हे बघ. पाणी आण रे, सौमित्र."

सौमित्र जागचा हलला नाही. "काकू, ते घासून काही फरक नाही पडणार."

"असं कसं?"

"तिथे हवा तशीही विस्कटलेलीच असते, बाजूला विमानाचं धड आहे ना. फुलं असली काय, नसली काय. पक्का."

"मग तीन किलोमीटर गेले कुठे?"

त्याने तिला पंखाच्या मागच्या कडेला नेलं. तिथली पट्टी वरखाली हलते. तिच्या फटीवर त्याने नवी टेप लावली होती. "इथून. या फटीतून हवा गळायची."

"तू शोधलीस?"

सौमित्रने बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं. "काकांनीच दाखवली. ग्लायडर उडायचं बंद झालं, त्यानंतर कधीतरी त्यांच्या लक्षात आली म्हणे."

"म्हणजे माहीत होतं? आणि रोज माझ्या रजईला..."

"मी म्हटलं होतं यार... सॉरी, काकू. मी म्हटलं होतं त्यांना, काकूंना सांगून टाका. तर म्हणाले, खबरदार! मग मी तुमच्याकडे जेवताना बोलू काय?"

 पॉलिश पेपरची घडी करून आईने पर्समध्ये टाकली, चेन लावली. तिचे कान लाल झाले होते. बाबांशी भांडताना व्हायचे तसे.

मग ती परत पंखाच्या मुळाशी गेली, फुलांवर हात ठेवला आणि दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "अहो, ऐकलंत का? म्हणजे आमटीतही काही कमी नव्हतं!"

सवयीने ती थोडा वेळ थांबली. मी आणि सौमित्र रंगाच्या डब्यावरची अक्षरं वाचत उभे राहिलो.

"रंग पातळ कर," ती शेवटी म्हणाली. "फुलं बुजली तर तुझी खैर नाही. आणि ती टेप नीट दाबून बसव. त्यांचे तीन त्यांना मिळू देत."