चार बोटं जागा

“आई, खोकं कुठंय?” सुनेनं खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता विचारलं.

“ते काय, दाराआड.”

दाराआड खोक्याची घडी उभी होती. शिवणी सरळ कापलेल्या, चारही बाजू एकावर एक बसवलेल्या, वरून सुतळीचा फास. शेजारी रद्दीचे कागद हातानं सपाट करून रचलेले. चिकटपट्टीसुद्धा कुठं लोंबत नव्हती, तिची सुपारीएवढी गोळी करून ठेवलेली.

सून मटकन खुर्चीवर बसली. “अहो, फोनवर सांगितलं ना मी, कशाला हात लावू नका म्हणून?”

“तुझा फोन आला तोवर घडी झाली होती गं.”

“ज्या कंपनीकडून मागवली त्यांना फोटो लागतात. वस्तू आली तशी, खोक्यातल्या खोक्यात. त्याशिवाय तक्रार घेत नाहीत ते.”

सासूबाई टेबलावरच्या उघड्या पेटीकडे पाहत राहिल्या.

कारखान्यात त्यांना सगळे कापूसताई म्हणत. प्रयोगशाळेच्या काचसामानाचा कारखाना. नळ्या, चंबू, फुंकर मारली तर तडकतील अशा बारीक तोंडाच्या बाटल्या. त्या बांधून खोक्यात भरायचं काम ताईंनी एकतीस वर्षं केलं. त्यांच्या हातचं खोकं जिन्यावरून गडगडत गेलं तरी आत काही फुटत नाही, अशी ख्याती होती. वस्तू आणि खोकं यांच्यात सगळीकडून चार बोटं जागा, आणि ती जागा दाबून भरलेली, हा त्यांचा नेम. नव्या मुलींना त्या सांगायच्या, “वस्तूला खोक्याचा स्पर्श कळता कामा नये.” आणि परत आलेला माल उघडायचा तर आधी खोकं, कागद, दोरी आवरून टेबल मोकळं करायचं, मगच वस्तूकडे बघायचं, ही तिथली शिस्त. एकतीस वर्षांची सवय. पेटी बाहेर काढली, टेबलावर ठेवली, आणि झाकण उघडायच्या आधी हातांनी आपलं काम करून टाकलं. मेंदूला विचारलंसुद्धा नाही.

पेटी म्हणजे पायपेटी. सुटकेसीसारखी घडी होणारी, खाली हवा भरायला पायानं दाबायचे दोन पायटे, वर एकोणपन्नास पट्ट्या. अशा पेट्या आता कुणी बनवत नाही. तीन वर्षं सून रात्रीची भांडी आवरली की जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर शोधायची आणि म्हणायची, “आई, आजही नाही.” मग चार महिन्यांपूर्वी ताई निवृत्त झाल्या आणि मागच्या आठवड्यात ती सापडली. अर्धे पैसे मुलानं घातले. “आईनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय,” म्हणाला.

मागितलं होतं त्याला कारण होतं. शाळेत गाण्याच्या बाईंचे गुडघे गेलेले. त्यांना पायटे मारता येत नसत. म्हणून रोज सकाळच्या प्रार्थनेला एक मुलगी पेटीखाली बसून हातांनी पायटे दाबायची. पाच वर्षं ती मुलगी ताई होत्या. वरती दोनशे मुली गात असत आणि खाली अंधारात ताईंना बाईंच्या चपलांचे पट्टे तेवढे दिसत. गायचं नाही, कारण गायला लागलं की हवा कमीजास्त होते. “तू हवा सांभाळ,” बाई म्हणायच्या. कुठल्या ओळीला किती हवा लागते, कुठं गाणं चढतं, कुठं दम धरायचा, हे सगळं ताईंच्या मनगटात उतरलं होतं. पट्टीला मात्र बोट लागलं नाही कधी. एकदा धीर करून विचारलं, “बाई, मी वाजवू?” बाई हसून म्हणाल्या, “मग हवा कोण देणार गं?” वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. खरंच दुसरं कोण होतं?

“काय काय मोडलंय?” सुनेनं विचारलं.

“स्वरफळी तडकलीय आडवी. सूर बसतात ना, ती. मी सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. अकरा बोलतात.”

“एकोणपन्नासातल्या?”

“हं. भाता मात्र शाबूत आहे.” ताईंनी पायटा दाबून दाखवला. पेटीनं मोठा, खोल श्वास घेतला. “हवा हवी तेवढी आहे.”

सुनेनं तिथल्या तिथं एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याला फोटो पाठवले. त्याचा फोन आला तो पाच मिनिटांत आटपला. सूर नवे बसवता येतात, फळी नाही. तशी फळी करणारे हात राहिले नाहीत, म्हणाला.

सून उठली. “चला. पेटी पुन्हा खोक्यात ठेवू. आली होती तशीच. फोटो काढू आणि पाठवू.”

“म्हणजे खोटं?”

“खोटं कसलं? तशीच आली होती ना? तुम्ही पाहिलंत ना डोळ्यांनी? मग जे होतं तेच पुन्हा करायचं.”

ताईंना हे पटलं असं नाही. तरी त्यांनी खोक्याची घडी उलगडली, सुनेनं चिकटपट्टी लावली.

“कशी होती सांगा.”

“उलटी घातली होती गं मूर्खानं. तळाला काही नाही. वर चार रद्दीचे बोळे.”

“मग तसंच करा.”

ताईंनी पेटी उलटी उचलली आणि हात अडखळले. तळाला कागदाची एक घडी सरकवली गेली. सुनेनं ती काढली. पेटी आत गेली. ताईंनी बोळे टाकले. टाकता टाकता एक बोळा कोपऱ्यात गेला, दुसरा दुसऱ्या कोपऱ्यात.

“आई, कोपरे कशाला भरताय?”

“भरले का मी?”

“हे काय मग? आणि ही माझी जुनी चादर कुठून आली?”

“बाजूला हलत होती गं ती.”

“हलायलाच हवी ना! मोडलीय ती!”

सुनेला हसू आवरेना, आणि ताईही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तेवढ्यात तक्रारीची मुदत संपत आली म्हणून फोनवर सूचना आली. सुनेनं चादर ओढून काढली, कोपरे मात्र भरलेलेच राहिले, आणि तिनं घाईघाईनं पाच फोटो काढले आणि पाठवून दिले.

त्या रात्री ताईंची प्रार्थना लांबली. शब्द रोजचेच होते, पण मन त्या फोटोंपाशी पुन्हा पुन्हा अडकत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. सून त्या दिवशी घरूनच काम करत होती. तिनं फोन टेबलावर ठेवला, दोघींना ऐकू येईल असा. आवाज तरुण आणि फार अदबीचा होता.

“मॅडम, आपले फोटो तपासणी विभागानं पाहिले. पॅकिंग अतिशय उत्तम आहे. त्यांनी शेरा लिहिलाय, वाचून दाखवतो. ‘इतकी काळजीपूर्वक बांधणी क्वचितच पाहायला मिळते.’ तेव्हा नुकसान वाहतुकीत झालेलं दिसत नाही. तक्रार आम्हाला बंद करावी लागेल.”

सुनेनं कपाळाला हात लावला. ताईंचा चेहरा मात्र क्षणभर उजळला. एकतीस वर्षांत असा शेरा कुणी कागदावर लिहिला नव्हता. मग तो उजेड गेला.

“अहो दादा,” त्या फोनजवळ वाकून म्हणाल्या, “ती बांधणी माझी आहे.”

सून जोरजोरात मान हलवून नको नको म्हणत होती. ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

“म्हणजे कसं मॅडम?”

“पेटी आली तेव्हा मी सवयीनं खोकं मोडून ठेवलं. मग फोटोसाठी पुन्हा भरली. आली होती तशी वाईट भरायला गेले. जमलं नाही.”

“म्हणजे फोटो खोटे आहेत?”

“खोकं खरं आहे, पेटी खरी आहे, मोडलंय तेही खरं आहे. मधलं भरण तेवढं माझं. तुम्हाला तक्रार बंद करायची तर करा. चूक माझीच. पण एक सांगू? रागावू नका.”

“बोला ना.”

“तुमच्या खोक्यावर पाठवतानाच्या वजनाची चिठ्ठी आहे. चौदा किलो आठशे. आमच्याकडे काटा आहे, मी पेटी घेऊन उभी राहिले नि न घेता उभी राहिले, दोनदा तोललं. पेटी भरते तेरा किलो सहाशे. नुसतं खोकं नऊशे. मग भरणाला उरलं किती?”

तो माणूस मनाशी पुटपुटला. “तीनशे ग्रॅम.”

“रद्दीचे नऊ-दहा कागद झाले. असली पेटी बांधायची तर दीड-दोन किलो भरण लागतं. तीनशे ग्रॅममध्ये मी कपबशीसुद्धा पाठवणार नाही.”

तो हसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज माणसासारखा झाला. “मावशी, तुम्ही कुठं काम करता?”

“करत होते.”

त्यानं थांबायला सांगितलं. वरिष्ठांना विचारून परत आला तेव्हा पुन्हा अदबीनं बोलायला लागला. वजनाचा पुरावा मान्य झाला होता. पूर्ण पैसे परत मिळणार होते. उद्या अकरा वाजता माणूस येऊन पेटी घेऊन जाईल.

“पुढं काय होतं तिचं?” ताईंनी विचारलं.

“परत आलेला तुटका माल मोडीत जातो, मॅडम.”

“आणि आम्ही ठेवून घेतली तर?”

“मग तक्रार आपोआप बंद होईल. पैसे मिळणार नाहीत.”

फोन ठेवल्यावर सून म्हणाली, “ठेवा आई. पैशाचं काय मोठंसं. मी सांगते ह्यांना, ते काही बोलायचे नाहीत.”

“नाही बोलणार, माहीत आहे मला.” ताई पट्ट्यांवरची धूळ पदरानं पुसत होत्या. “पण अकरा सुरांत शाळेतलं ते गाणं बसत नाही गं. कालपासून बसवून पाहतेय. वर चढायची वेळ आली की खाली काहीच नसतं. नुसती हवा. ती तर मला येतेच घालता, त्यासाठी पेटी कशाला ठेवायची?”

“मग दुसरी शोधू. मी शोधते ना.”

“शोध की.” ताई तिचं मन राखायला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना झाल्यावर त्या पेटीपुढे बसल्या. घर झोपेतून पुरतं उठलं नव्हतं. खुर्ची थोडी पुढे घेतली, दोन्ही पाय पायट्यांवर ठेवले. बोलणाऱ्या पट्ट्यांतली एक मधली पट्टी होती. तिच्यावर उजव्या हाताचं बोट ठेवलं आणि दाबलं. सूर निघाला. जुना, जरा घोगरा, पण स्थिर. ताईंनी तो सोडला नाही. पाय एकसारखे चालत राहिले आणि सूर खोलीभर उभा राहिला. आतल्या खोलीत मुलगा जागा झाला, पण उठून आला नाही. सून चहाचं आधण ठेवायला उठली होती ती दाराशीच थांबली.

बऱ्याच वेळानं ताईंनी बोट उचललं. मग झाकण लावलं, पायट्यांची घडी केली आणि म्हणाल्या, “मोठं खोकं आहे का गं घरात? धुलाईयंत्राचं होतं ना माळ्यावर?”

पुढचे दोन तास त्या जमिनीवर बसून होत्या. आधी पट्ट्यांवर मऊ फडकं, म्हणजे वर-खाली होऊन एकमेकींवर आपटायला नकोत. तडकलेल्या फळीला दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचा आधार, दोरा सैल नाही आणि करकचूनही नाही. मग पेटी सुती चादरीत, चादरीसकट पहिल्या खोक्यात, ते खोकं माळ्यावरच्या मोठ्या खोक्यात. तळाला चार बोटं, बाजूंना चार बोटं, वर चार बोटं. सून कागदाचे बोळे करून देत होती.

“आई, मोडीत जायचीय ती.”

“हो ना.”

“मग?”

“तू बोळे जरा घट्ट कर. हे दबतात.”

सुनेनं बोळे घट्ट केले. पुन्हा काही विचारलं नाही.

अकराला माणूस आला. तरणाताठा, घाईतला. त्यानं खोक्यावरून हात फिरवला, चिकटपट्टीच्या सरळ रेघा पाहिल्या. कोपऱ्यात जाड शाईनं सतरा हा आकडा लिहिला होता.

“हा काय नंबर काकू? पत्ता तर इथं चिकटवलाय.”

“तो बांधणारीचा. आमच्याकडे प्रत्येकीचा असायचा. काही फुटलं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून.”

त्यानं हातातल्या यंत्रावर नजर टाकली. “यात तर लिहिलंय, आधीच तुटलेलं सामान.”

“तुटलेलंच आहे. बाळा, खालून दोन्ही हात घाल. दोरीला धरून उचलू नको.”

त्यानं खांदे उडवले, पण खालून दोन्ही हात घातले. ताई दारात उभ्या राहिल्या. तो एकेक पायरी उतरत गेला. दुसऱ्या वळणावर खोकं कठड्याला धडकलं, मग भिंतीला. ताईंनी मान किंचित कलती करून कान दिला. खालचं दार उघडलं, लागलं. आतून काही म्हणजे काही वाजलं नाही.