अकरा नंबर आणि अडकलेले दोन गुण

मित्रांनो, मी एक जुनी जर्सी आहे. नंबर अकरा. रंग एकेकाळी केशरी होता. आता त्याला काय म्हणावं याबद्दल दुमत आहे. मी पॉलिएस्टरची असल्यामुळे मला फारसं काही वाटत नाही. तेवढं ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावच्या मराठी सॉफ्टवेअरवाल्यांनी बास्केटबॉलची टीम काढली, तेव्हा डझनभर बहिणींबरोबर मी एका खोक्यातून आले आणि शशिकांतकाकांच्या वाट्याला गेले. काका उंच नव्हते, वेगवानही नव्हते. पण पास अचूक द्यायचे, आणि शनिवारी शाळेच्या हॉलची किल्ली हाउसमाइस्टरकडून, म्हणजे तिथल्या रखवालदाराकडून, तेच आणायचे. मॅच जिंकली की सगळे माझ्या पाठीवर थापा मारत. ते माझे चांगले दिवस.

मग एश्बॉर्न गावच्या मराठी टीमने मिळतील तेवढे उंच लोक गोळा केले. भांडणं नकोत म्हणून सामने भरवणाऱ्या मंडळाने अमेरिकेतल्या व्यावसायिक टीमना असते तशी पगारमर्यादा आणली. पगार कोणालाच नव्हता, म्हणून गुण. चांगल्या खेळाडूला जास्त, बेताच्याला कमी, आणि टीमची बेरीज चाळिसाच्या वर जायची नाही. एकच सवलत होती: सोडलेल्या जुन्या खेळाडूला मर्यादा ओलांडूनही परत घेता येई. तोवर त्याच्या नावाने दोन गुण अडकवून ठेवावे लागत.

आमची बेरीज बरोबर चाळीस भरली होती. आणि हायडेलबर्गला पीएचडी करणारा, दारातून वाकून येणारा क्षितिज कुठल्याच टीमकडे नव्हता. वाट काढली ती काकांनीच. त्यांनी कॅप्टन देवदत्तला समजावलं, "माझे आठ गुण आहेत, मला आधी सोड. दोन अडकतील, सहा सुटतील. क्षितिज नवखा म्हणून सहातच बसतो. तो आला की शेवटी सवलतीत मला परत घे."

"दादा, फक्त आठवडाभर बाहेर थांबा," देवदत्त म्हणाला.

काकांनी मला धुतलं, घडी करून बॅगेत ठेवलं आणि बॅग दाराशी ठेवली. क्षितिज आला. आठवडा गेला, दुसराही गेला. काकांची मुलगी अन्वी बॅगेला अडखळली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, त्यांनी तुला हाकललंय."

"नाइन, तसं नाही," काका म्हणाले. "टेक्निकली त्यांनी मला राखून ठेवलंय."

मग एका रविवारी देवदत्त घरी आला. चहा झाला, पार्किंगविषयी बोलणं झालं. शेवटी त्याने सांगितलं की समर्थ नावाचा एक मुलगा मिळतोय, लांबून बास्केट टाकतो, अवघ्या दोन गुणांत. दोनच गुण कमी पडताहेत. काकांचे अडकलेले दोन सोडले की तो येतो. मात्र मग काकांची सवलतही जाते.

काकांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. ती चुकलेली नव्हती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही हेच केलं असतं."

देवदत्तने सुटकेचा निःश्वास सोडला, पण उठला नाही. जर्सी टीमची होती, आणि समर्थला हवी होती. काकांनी दाराशी जाऊन बॅग आणली.

"तीस अंशांवर धुवायला सांग. उलटी करून. ड्रायर नको."

"जा, जा, गेनाऊ," देवदत्तने जर्मनमध्ये हो-हो म्हटलं.

समर्थने मला पहिल्याच आठवड्यात ड्रायरमध्ये टाकलं. माझ्या पाठीवरच्या दोन एकांपैकी एक सोलून निघाला.

एश्बॉर्नशी मॅच होती. काका हॉलमध्ये होते, कारण किल्ली अजून त्यांच्याकडेच होती, आणि स्कोअरच्या टेबलावर बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. समर्थने फाउल केला. रेफरीने माझी पाठ पाहिली आणि 'एक' असं बोट दाखवलं. यादीत एक नंबर नव्हताच. गोंधळ झाला. यादीत नसलेल्याला बाहेर काढा, असं एश्बॉर्नवाले म्हणू लागले. देवदत्त जमिनीकडे बघत राहिला.

काकांनी मान वर केली नाही. "एल्फ," ते म्हणाले. "ती अकरा आहे." आणि समर्थचा फाउल त्यांनी अकराच्या समोर मांडला.

मॅच आम्ही जिंकलो. थापा पडल्या. मला काही वाटलं नाही.

मित्रांनो, जर्सीला आतून एक लेबल शिवलेलं असतं. तिला किती सोसेल ते त्यावर छापलेलं असतं. माणसाला तसं काही नसतं. तेव्हा एखादा 'बरोबर आहे' म्हणाला, तरी चहा संपेपर्यंत थांबून त्याला परत एकदा विचारत जा. आणि मला ड्रायरमध्ये टाकू नका.