ठाण्याच्या दाराला लावलेली ऐरण

मी एक जुनी ऐरण आहे. माझे वजन अठरा किलो आणि ते कमी करण्याचा माझा मुळीच विचार नाही. तळोद्याच्या युसुफचाचांच्या अब्बांनी मला रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यातून घडवले. चाचा नालबंद, म्हणजे घोड्यांच्या पायांना नाल ठोकणारे. सारंगखेड्याच्या मोठ्या घोडेबाजारापासून लहानसहान यात्रांपर्यंत आम्ही हिंडायचो. चाचा हातोडा चालवू लागले की सगळ्या यात्रेत माझा आवाज घुमायचा. होय मित्रांनो, मी थोडी गर्विष्ठ आहे.

पाच वर्षांपूर्वी अशाच एका लहान यात्रेत एका घोड्याचे चांदीचे दागिने चोरीला गेले. सकाळी त्याच घोड्याला चाचांनी नाल ठोकली होती. तेवढ्यावरून पोलिसांनी त्यांना उचलले आणि दिवसभर यात्रेतल्या चौकीपुढे जमिनीवर बसवले. संध्याकाळी खरा चोर सापडला, तेव्हा चाचांना नुसते "जा" म्हणाले. त्यांना बसवलेले शेकडो लोकांनी पाहिले, सोडलेले कोणीच पाहिले नाही. पुढच्या वर्षी घोडेवाले दुसऱ्या नालबंदाकडे गेले. मग चाचांनी यात्रांना जाणेच सोडले.

त्या दिवशी माझीही जप्ती झाली होती, त्यामुळे मी मात्र मुद्देमाल म्हणून ठाण्यात अडकले. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही. आता ते सुधारले आहे, जुने कशाला उगाळायचे? चाचा मला मागायला दोनदा आले. "साहेब नाहीत, उद्या या," एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. माझ्याकडे दार अडवायचे आणि दुपारी सुपारी फोडायचे काम आले. एकदा एका हवालदाराचा अंगठा माझ्यावर आपटला. त्याने मला भरपूर शिव्या दिल्या, मी जागची हलले नाही. पण दारात बसून मी रोज बघायची. लोक पायरीपर्यंत येत, आत डोकावत आणि परत फिरत. तेव्हा मला फार वाईट वाटे.

मग राज्यभर पोलिसांचा कारभार सुधारण्याचे वारे वाहू लागले आणि आमच्याकडे नवे साहेब आले. तक्रार लिहिली की ती अहिराणीत किंवा पावरीत, ज्याला जे समजते त्यात वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची, असा नियम त्यांनी केला. मुद्देमालाची यादी काढून ते म्हणाले, "खटले संपलेत ना? मग ज्याची वस्तू त्याच्या घरी पोचवा."

रुपाताई ठाण्यातल्या शिपाई, तापीकाठच्या शेतकरी घरातल्या. त्यांनी मला मोटारसायकलवर बांधले आणि तळोदा गाठले. आनंदाने मी प्रत्येक खड्ड्यात खणखणत होते. पण खाकी दिसताच चाचा मागच्या दाराने पसार झाले. त्यांच्या पत्नी सबीहाचाची म्हणाल्या, "त्या सुरतले गयात." समोरच्या कपातल्या चहाची वाफ अजून निघत होती. रुपाताईंनी कपाकडे पाहिले. सही चाचांचीच हवी होती, म्हणून त्यांनी मला पुन्हा मोटारसायकलवर बांधले. दुसऱ्या खेपेलाही चाचा सुरतलाच गेलेले होते.

तिसऱ्या खेपेला चाचीच म्हणाल्या, "ऐरण नवी बी भेटी जाई. त्यासनं नाव तुमनी चौकीपुढे पडेल शे, ते पहिले लई या."

ऐरण नवीही मिळेल, चौकीपुढे पडलेले नाव आधी आणा, हे चाचींचे म्हणणे रुपाताईंनी जसेच्या तसे साहेबांना सांगितले. साहेबांनी यात्रेची तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "जिथं बसवलं, तिथंच बोलायला हवं."

त्याच गावच्या पुढच्या यात्रेत चाचींनी चाचांना ओढतच आणले. ते घोड्यांच्या मागे लपून उभे राहिले. हरवलेल्या मुलांची नावे पुकारतात, त्या माइकवर साहेब मराठीत बोलले आणि मग रुपाताई अहिराणीत: "युसुफचाचासनी चोरी करेल नव्हती. चूक आमनी व्हयनी. आम्ही त्यासनी माफी मांगतस."

घोडेवाले चाचांना शोधू लागले. मग एक म्हातारा घोडेवाला आपली घोडी घेऊन चाचांसमोर आला. "चाचा, हिनी नाल ढिली व्हयनी शे," तो म्हणाला. चाचांनी डोळे पुसले, पोलिसांच्या जीपमधून मला उचलले आणि जमिनीवर मांडले. पहिला घाव बसला तेव्हा मी मुद्दामच जरा मोठ्याने वाजले.

आज सकाळचीच गोष्ट. कळसाडीचे भटूभाऊ घोडीला नाल ठोकायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "शेतमातला मोटरपंप चोरी गया. पन ठाणाम्हा कोण जाई?"

चाचांनी हातोडा माझ्यावर ठेवला. "चाल, मी येस तुन्हासंगे. तठे आते ऐकतस." आणि खाकी पाहून मागच्या दाराने पळणारे माझे चाचा भटूभाऊंचा हात धरून सरळ ठाण्याकडे निघाले.

मित्रांनो, लोखंडाला तेल लावले की ते टिकते. माणसाच्या नावाला तुम्हीच जपायचे असते. कोणाचे नाव चारचौघांत घालवले असेल, तर ते चारचौघांतच परत द्या. उशीर झाला असला तरी द्या. बरे, आता मला जास्त बोलायला सवड नाही. तीन पायांना नाल ठोकलेली भटूभाऊंची घोडी चौथा पाय उचलून माझ्याकडेच बघते आहे, आणि तिला समजवायला इथे मी एकटीच उरले आहे.