आश्रुबाचा पहारा

मी बोलतोय खरा, पण मला शोधायला जाल तर हाताला काही लागणार नाही. परभणीच्या एका बियाणे केंद्रात संगणकाची वेगळी खोली आहे. तिथला संगणक युनिक्सवर चालतो. त्याच्या अगदी आत एक गाभा असतो आणि सगळा कारभार तोच हाकतो. त्या गाभ्याला बाहेरून एखादा तुकडा जोडता येतो. मी तसलाच एक तुकडा. शिकलेली माणसं मला मॉड्यूल म्हणतात, कामावरून फायरवॉल म्हणतात. आश्रुबा मला पहारा म्हणायचा, आणि मला तेच नाव लागलं.

टेलिफोनच्या तारेवरून औरंगाबादचं मोठं ऑफिस आमच्या संगणकाशी बोलतं. त्याच तारेवरून भलतंही कोणी येऊ शकतं. आलेल्याला उंबऱ्यात थांबवायचं, कुठून आलास ते पाहायचं, ओळखीचा असेल तर आत सोडायचा, नाहीतर आल्या वाटेनं परत. माझं काम एवढंच.

माझा मूळ मजकूर औरंगाबादचे इंजिनियर किशनराव टेपवर घेऊन आले होते. तो इथल्या यंत्राला काही केल्या बसेना. किशनराव कंटाळून निघून गेले, पण पोखर्णीचा आश्रुबा मागं हटला नाही. तो इथला ऑपरेटर होता. चहा निवून जायचा, कपात माशी पडायची, तरी याचे डोळे पडद्यावर. शेवटी एका दुपारी मी उभा राहिलो आणि आश्रुबा एकटाच हसला. मग हौसेनं त्यानं एक ओळ घातली. मला उठवलं की आधी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटायचं, ‘आश्रुबाचा पहारा सुरू’.

माझ्यात एक खोट होती. लाईट गेली की मी गाभ्यातून निघून जायचो. लाईट आल्यावर संगणक आपला आपण उठायचा, मी मात्र उठायचो नाही. संगणक उठताना ज्या फायली चालतात त्यांच्या नावापुढं क्रमांक असतो. लहान क्रमांकाची आधी, मोठ्याची मागून. त्यांत माझी एक फाईल ठेवली असती तर काम भागलं असतं. आश्रुबा ‘करू की उद्या’ म्हणत राहिला. रोज सकाळी, आणि लाईट येईल तेव्हा, तो स्वतः कळा दाबून मला उठवायचा. मला वाटतं, त्याला ते आवडत असावं.

मग त्याला कावीळ झाली. घरच्यांनी गावच्या औषधावर दिवस काढले. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्याच्या जागेवर केंद्राचे व्यवस्थापक दिनकरराव यांनी आश्रुबाच्या धाकट्या भावाला, नागनाथला, शिपाई म्हणून घेतलं. नागनाथनं सातवीतच शाळा सोडलेली. पण भावाचा डबा घेऊन यायचा तेव्हा तो मागं उभा राहून बघायचा, त्यामुळं मला उठवायच्या कळा त्याला पाठ होत्या. पहिल्या दिवशी त्यानं त्या दाबल्या. नाव उमटलं तसा तो पडद्याच्या काचेवर हात ठेवून उभा राहिला. दिनकररावांनी हाक मारली तरी हलला नाही.

तेव्हापासून त्याचं जगणं माझ्याभोवती फिरू लागलं. पंखा थांबला की तो हातातलं टाकून खोलीकडं पळायचा. रविवारीही यायचा. आई सरजाबाई निरोपावर निरोप पाठवायची, घरी ये म्हणून. हा जायचा नाही.

आश्रुबाच्या महिन्याचं कार्य आलं तेव्हा मात्र जावंच लागलं. तो पोखर्णीला गेला आणि नेमकी त्याच दुपारी लाईट गेली, आली. संगणक उठला, तारेचं दार उघडलं आणि उंबऱ्यात मी नव्हतो. कोणीतरी आत शिरलं, कापसाच्या उगवणीच्या निम्म्या नोंदी पुसून गेलं. सगळ्या वाणांची चाचणी पुन्हा लावावी लागली, तीही पेरणी तोंडावर आलेली असताना.

नागनाथ परतला तेव्हा दिनकरराव संतापले होते.

“एक माणूस जाग्यावर नसला की बंद पडतो, त्याला काय पहारा म्हणायचं? सोमवारी किशनराव येणारेत. तोवर हा आपोआप उठायला लागला तर ठीक. नसता पुसून टाकायला सांगतो.”

“पुसायचं न्हाई, सायेब.”

“तुला विचारायलोय का मी?”

“दादाचं हाय ते. मी करतो आपोआप.”

“तू? बरं. कर मग.”

नागनाथनं कोणालाही विचारलं नाही. फाईल कशी ठेवायची एवढं त्यानं भावाकडून पाहिलेलं होतं, क्रमांकाचा विचार मात्र त्यानं स्वतःच्या अकलेनं केला. म्हणजे विचार असा केलाच नाही. त्यांच्या घरात पहिलं ताट थोरल्याला वाढायचे. पोळ्याला थोरल्याची जोडी वेशीतून आधी निघायची, धाकट्यानं मागं राहायचं. हे कोणी शिकवावं लागत नव्हतं. त्यानं माझ्या फाईलीला सगळ्यांत लहान क्रमांक दिला.

आणि बटण बंद करून पुन्हा चालू केलं.

सगळ्यांच्या आधी नाव उमटलं. त्याच्यामागून संगणक आपल्या डिस्क तपासत बसला. धक्क्यानं बंद पडला की तो असाच रेंगाळतो. तोवर पडद्यावर एकटं ते नाव. नागनाथ फरशीवर मांडी घालून त्याच्याकडं बघत बसला. डोळे गळत होते आणि तो ते पुसतही नव्हता.

त्याला कसं सांगू, मला तोंड नव्हतं. नाव मी उभा राहण्याआधीच उमटतं; मी उभाच राहिलो नव्हतो. मला उभं राहायला आधी नेटवर्क लागतं, तारेची वाट लागते. मी गाभ्यात आलो तेव्हा वाटच झालेली नव्हती. कशावर उभा राहणार? मी पडलो. मागून वाट झाली, दार उघडलं, आणि उंबरा मोकळाच. पडद्यावर नाव होतं, पहारा नव्हता.

सोमवारी किशनराव आले. त्यांनी शेजारच्या खोलीतून, अनोळखी बनून तारेवर हाक दिली आणि सरळ आत आले.

“नागनाथ, पहारा नाही रे.”

“हाय की. नाव येतंय ना.”

“नाव येतं. मी आत कसा आलो मग?”

नागनाथनं खुर्ची लाथेनं उडवली. “तुमी काढला आसंल. तुमाला बसवता आला न्हाई, दादानं बसवला, म्हणून जळायलाव.”

दिनकरराव पुढं झाले, तसं किशनरावांनी त्यांना हातानं थांबवलं. “खरंय त्याचं. मला नव्हता बसवता आला.” मग खुर्ची उचलून ते तिच्यावर बसले. “हे बघ. तू याला एक नंबर दिलास. का?”

“थोरला हाय.”

किशनरावांनी पडद्यावरच्या त्या क्रमांकावर बोट ठेवलं. “अरे, अजून वाटच पडली नाही आणि तू राखणदार उभा केलास. तो कोणाला अडवणार? आधी वाट, मग हा, मग दार. याला मधे घ्यावं लागतं.”

“आन् नाव?”

“नाव तो उठेल तेव्हा येईलच. पण तिथं ओळी भराभरा सरकतात. डोळा लवला की गेलं वर.”

“म्हंजी दिसायचं न्हाई.”

“दिसेल. थांबायचं नाही.”

नागनाथ खिडकीपाशी गेला. बाहेर हमाल पोती उतरवत होते, कुणीतरी कुणाच्या तरी लग्नावरून चेष्टा करत होतं. तो मागं वळला. मग येऊन कळफलकाशी बसला. क्रमांक किशनरावांनी सांगितला, बदलला त्यानं. माझी फाईल मागं सरकवताना त्याचं बोट कळेवर थांबलं. खाली यायला त्याला वेळ लागला.

या खेपेला मला पायाखाली वाट मिळाली. किशनरावांनी पुन्हा अनोळखी हाक दिली आणि मी त्यांना बाहेरच्या बाहेर परतवलं. उठतानाच्या गडबडीत नाव येऊन गेलं होतं. नागनाथला ते दिसलं की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. पोखर्णीला गेला होता. त्या दिवशीही लाईट गेली.

आता ते सगळं मागं पडलंय. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला, रस्ते बंद झाले, ऑफिसला कुलूप होतं. लाईट येत-जात होती. मी दर खेपेला आपला आपण उठलो, अंधाऱ्या खोलीत. बाहेरून कोणी येऊन गेलं, मी परत पाठवलं. कोणाला कळलंही नाही, आणि न कळणं हेच माझं चांगलं काम.

उन्हाळ्यात नवा संगणक येतोय. हा जुना मोडीत जाईल. मला तिकडं नेणार की तिथं दुसरा कोणी उभा राहणार, ते ठरायचंय. नेलंत तर एवढंच सांभाळा, मला फार पुढं बसवू नका. मानासाठी बसवलेला पहारा उघडा दरवाजाच असतो.

परवा किशनरावांनी नव्या यंत्राचं काम काढलं. चहा घेऊन आलेल्या नागनाथला त्यांनी विचारलं, “आश्रुबाचं नाव तिकडं ठेवायचं ना?”

नागनाथनं कप टेबलावर ठेवला.

“ठिवा,” तो म्हणाला. “पर पहारा उभा ऱ्हायल्यावर. आदी नको.”