पुनर्विवाह : होय

डिसेंबरचं पेन्शन आलं नाही तेव्हा प्रेमाला वाटलं, बँकेचं काहीतरी असेल. बँकेचं नेहमीच काहीतरी असतं. जानेवारीचंही आलं नाही, तेव्हा मुलुंडला ज्या दाताच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला बसायची तिथून अर्ध्या दिवसाची रजा काढून ती बँकेत गेली. काउंटरवरच्या बाईंनी संगणकात पाहिलं, मग प्रेमाच्या गळ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "तुम्ही लग्न केलंत ना? मग थांबणारच."

"कुणी लग्न केलं?"

"इथे तसंच दिसतंय. हयातीचा दाखला आलाय, त्यात पुनर्विवाहापुढे 'होय' आहे. आता सगळी तपासणी होणार. तोपर्यंत आमच्या हातात काही नाही."

प्रेमाचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिचं दुसरं लग्न झालं होतं, आणि ते तिला सोडून सगळ्या सरकारला माहीत होतं.

तिचा नवरा नितेश मराठा पलटणीत नाईक होता. ईशान्येकडच्या डोंगरात रसद घेऊन जाणारी गाडी दरीत कोसळली, त्यात तो गेला. कांजूरमार्ग पूर्वेला स्टेशनपासून थेट त्यांच्या बिल्डिंगपर्यंत बॅनर लागले होते, आणि प्रत्येकावर 'शहीद' लिहिलं होतं. कागदावर मात्र 'कर्तव्यावर असताना अपघात' एवढंच आलं. बॅनर आठवड्याभरात उतरले, कागद राहिला. शत्रूच्या गोळीने गेलेल्याच्या घराला मिळतं तेवढं अपघाताने गेलेल्याच्या घराला मिळत नाही, हे प्रेमाला तेव्हा कळलं. दरीत पडताना माणूस जरा कमी मरतो की काय, असं तिने एका साहेबाला विचारलंही होतं. साहेब म्हणाले, नियम आहे.

तर ते कमीचं पेन्शन, पण त्याच्यावर घर उभं होतं. खोलीच्या कर्जाचा हप्ता त्यातूनच जायचा, सासूची औषधं त्यातूनच यायची, आणि मुलगी श्रुतिका यंदा दहावीला होती.

'होय' कुठून आलं, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दरवर्षी नोव्हेंबरात ती बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायची. यंदा माजी आमदार प्रीतमशेठ यांच्या कार्यालयात मोफत शिबिर होतं. मोबाइलवर चेहरा दाखवायचा, दोन मिनिटांत काम झकास, वर चहा आणि वडापाव. तेजल नावाची कॉलेजातली मुलगी भराभर फोन फिरवत होती. तिने प्रेमाचा चेहरा टिपला, नंबर टाकले, बोटं चालवली आणि म्हणाली, "झालं काकू, नेक्स्ट." प्रेमा आता तिला शोधत गेली तेव्हा तेजलने आठवून आठवून सांगितलं, "काकू, त्यात लग्नाचं विचारतात ना. मी बघितलं, तुमच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, कुंकू आहे. म्हटलं, केलं असेल. चांगलंच आहे ना, मला तर उलट बरं वाटलं." पोरगी रडवेली झाली होती. तिच्यावर ओरडून काय होणार होतं?

आणि मंगळसूत्र का होतं, याचं उत्तर प्रीतमशेठनाच विचारायला हवं होतं. नितेश गेला तेव्हा ते नुकतेच आमदार झाले होते. मैदानात शोकसभा झाली. प्रीतमशेठनी माइक हातात घेतला आणि आवाज कापरा करून म्हणाले, "शहीद कधी मरत नसतो. वहिनींनी कुंकू पुसायचं नाही. नितेश अमर आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेते बोलतात, माणसं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. पण पहिल्या रांगेत प्रेमाची सासू शांताबाई बसली होती, आणि तिने ते शब्द पदराच्या गाठीला बांधून नेले.

दिवसकार्याला गावाहून, कुडाळकडून, बायका आल्या. बांगड्या फोडायच्या म्हणून पुढे सरकल्या. शांताबाई उंबऱ्यात उभी राहिली. "हात लावूचा नाय तिका. माझो झील मेलो नाय. आमदारान माइकवर सांगल्यान, चार हजार माणसांनी आयकला." बायका मागे सरल्या. सासरा धाकू गिरणीतून सुटल्यापासून तसाही कमीच बोलायचा. त्याने मान खाली घातली, आणि दोन वर्षांनी तोही गेला. तेव्हापासून शांताबाई कुणी विचारलं तर एकच सांगायची, "नितेश ड्युटीवर आसा." गणपतीला त्याच्या नावचं पान वाढायची. वेडी नव्हती हो. भाजीवाल्याला हिशेबात चुकू द्यायची नाही. पण मुलगा मेला, हे वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि प्रेमाने ते कधी कुणाला वदवून घेऊ दिलं नाही. मंगळसूत्र गळ्यात ठेवायला प्रेमाचं काय जात होतं? म्हातारीचा जीव त्या दोन वाट्यांवर टांगलेला होता.

पेन्शनच्या ऑफिसात तीन खिडक्यांवर टोलवाटोलवी झाल्यावर एका कारकुनाने फाइल उघडली. मान वर न करता त्याने विचारलं, "लग्न नाही केलेलं, नक्की?"

"नाही."

"नाही म्हणजे, केलं असलं तरी सांगा. कुणाशी केलं त्यावर असतं. दिराशी केलं असेल तर वेगळा नियम आहे, पेन्शन चालू राहतं. दीर आहे का?"

"नाही."

"मग अवघड आहे," कारकून म्हणाला. जणू दीर नसणं ही प्रेमाचीच चूक होती. तिच्या डोक्यात तिडीक गेली. नवरा गेल्यावर बाईने कुणाच्या घरात राहावं, हे सरकारने आधीच आखून ठेवलेलं होतं. मोबाइलवरचं एक बटण उलटं दाबायला मात्र कुणी तयार नव्हतं.

शेवटी त्याने उपाय सांगितला. पुनर्विवाह केलेला नाही असा दाखला आणायचा, त्यावर आमदाराची सही. मग घरी तपासणी होईल. मग बघू.

प्रेमा सरळ प्रीतमशेठच्या कार्यालयात गेली. शिबिर त्यांचं, चूक त्यांच्या माणसाची, भाषणही त्यांचंच. नितेशच्या नावाने दर सव्वीस जानेवारीला तिला शाल आणि नारळ देतानाचे त्यांचे फोटो भिंतीवर होते. एका फोटोत प्रेमाचे डोळे मिटलेले होते.

प्रीतमशेठनी ऐकून घेतलं, हळहळले, चहा मागवला. मग हात वर केले. "वहिनी, मी माजी. माजीची सही चालत नाही ना. चालत असती तर आत्ता केली असती."

"सही चालत नाही," प्रेमा म्हणाली, "पेन्शन चालतं."

प्रीतमशेठ हसले. त्यांना हसता यायचं, तेच त्यांचं भांडवल होतं. "आम्हीपण सेवाच केली ना, वहिनी. पाच वर्षं लोकांची कामं केली."

"नितेशने चौदा केली. पंधरा झाल्याशिवाय जवानाला पेन्शन बसत नाही, माहितीय ना तुम्हाला? जिवंत परत आला असता तर त्याला अजून एक वर्ष काढावं लागलं असतं. तुम्ही एकदा निवडून आलात. नंतर पडलात. तरी दर महिन्याला येतं."

"तो कायदा आहे."

"कायदा तुम्हीच करता."

प्रेमाला थांबता आलं असतं. पण सहा आठवडे ती ज्याच्या त्याच्यासमोर 'मी लग्न केलं नाही, मी लग्न केलं नाही' म्हणत फिरत होती, आणि आता तिला थांबायचं नव्हतं. "शेठ, नऊ वर्षांत तुम्ही तीन पक्षांशी घरोबा केलात. पेपरात फोटोसकट आलं. तुमचं पेन्शन थांबवून कुणी आलं का घरी, आता कुणाकडे नांदता म्हणून विचारायला? मग मलाच का रे विचारतात सगळे?"

'रे' कसं निघालं तिचं तिलाच कळलं नाही. प्रीतमशेठचा चहा तसाच राहिला. ते हळू आवाजात म्हणाले, "मी फोन करतो वरती." त्यांनी केलाही असेल. त्याने काही झालं नाही.

चालू आमदाराच्या ऑफिसात वेगळीच वाट लागली. तिथल्या माणसाने तिला ओळखलं. "मॅडम, तुमचा फोटो दरवर्षी प्रीतमशेठच्या बॅनरवर असतो ना? मग त्यांच्याकडूनच घ्या की." चार खेटे घातल्यावर, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कुणाकडून तरी शब्द टाकल्यावर, एकदाची सही झाली. सही करणाऱ्याने प्रेमाकडे पाहिलंही नाही. तो तिला नीटसं ओळखत नव्हता, तरी त्याने लिहून दिलं की तिने लग्न केलेलं नाही. ती स्वतः जन्मभर ओरडली असती तरी ते खरं धरलं गेलं नसतं.

श्रुतिका घरी फोनवर काहीबाही शोधून वाचून दाखवायची. कोणता माजी आमदार, कोणता माजी खासदार, कुणाला दोन्हीकडून मिळतं. "आई, हे बघ यार, असं कसं चालतं?" प्रेमा म्हणायची, "अभ्यास कर." दुसरं काय म्हणणार? पोरीचं बरोबर होतं, आणि बरोबर असण्याने हप्ता जात नव्हता.

मार्चमध्ये तपासणीचा दिवस ठरला. त्या सकाळी प्रेमाने शांताबाईला वाकोल्याला नणंदेकडे पाठवायचं ठरवलं होतं. गेले तीन महिने तिने म्हातारीला यातलं अक्षर कळू दिलं नव्हतं. पेन्शन उशिरा येतंय, एवढंच सांगितलं होतं. पण नणंद आजारी पडली आणि शांताबाई घरातच राहिली.

साहेब वेळेवर आले. उतारवयाचे, उन्हाने थकलेले, वागायला बरे. पाणी प्यायले. शेजारच्या अक्षताने सांगितलं की प्रेमा इथेच राहते, दुसरं कुणी येत-जात नाही. समोरच्यांनीही सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, "शेजाऱ्यांचं झालं. सासरच्या माणसाचा जबाब लागतो. या कोण?"

"सासूबाई," प्रेमा म्हणाली. "साहेब, त्यांचं राहू द्या. त्यांना ऐकू येत नाही."

"माका आयकू येता," शांताबाई कॉटवरून म्हणाली.

साहेब तिच्याकडे वळले. "आजी, सुनेने दुसरं लग्न केलंय का?"

"नाय."

"मंगळसूत्र कुणाच्या नावचं?"

"माझ्या झिलाच्या."

"तो कुठे असतो?"

श्रुतिकाने पुस्तक मिटलं. प्रेमा घाईने मध्ये पडली, "साहेब, त्याचं सगळं रेकॉर्डवर आहे, पलटणीचं पत्र आहे, तुम्ही ते बघा ना."

"बाई, मला कळतं," साहेब म्हणाले. "पण वरती 'होय' गेलंय. आता यांनी सांगितलं की नवरा ड्युटीवर आहे, तर मी काय लिहू? तुम्ही सवाष्ण की विधवा? मला एक काहीतरी लिहावं लागेल. त्यांच्या तोंडून स्पष्ट यायला हवं."

म्हणजे म्हातारी काय सांगते ते अक्षताने आधीच सांगून टाकलं होतं. प्रेमाने अक्षताकडे पाहिलं, अक्षताने खिडकीबाहेर पाहिलं.

प्रेमा सासूच्या पायाशी खाली बसली. "आई, नका बोलू. नाही आलं पेन्शन तर नाही आलं. मी दुसरी पाळी घेईन दवाखान्यात." हे ती मनापासून बोलली. त्या क्षणी तिला खरंच ते पैसे नको झाले होते. कुणाकुणापुढे काय काय सिद्ध करायचं?

शांताबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिने पदर नीट केला, ताठ बसली, आणि परक्या माणसाला कळावं म्हणून सावकाश बोलली. "लिवा. नितेश धाकू, माझो झील. तो मेलो. गाडी दरीत पडली, तेतूर मेलो. ह्या पोरीन लगीन करूक नाय. मी तेची आवस सांगतंय."

साहेबांनी लिहिलं. मग त्यांनी कागद पुढे केला आणि शांताबाईने अंगठा लावला. तिला सही येत होती, पण तेव्हा तिचा हात चालला नाही.

"झालं आजी," साहेब म्हणाले. "महिन्याभरात सुरू होईल, मागचंही मिळेल." मग उठता उठता, मदत व्हावी म्हणूनच, त्यांनी सांगितलं, "आता केसवर शेरा पडलाय ना, म्हणून एक लक्षात ठेवा. पुढे दर नोव्हेंबरात असाच जबाब द्यावा लागेल."

शांताबाई बोटाची शाई पदराला पुसत होती. ती थांबली.

"म्हणजे," तिने विचारलं, "दरवर्षी मारूचो तेका?"

साहेबांनी कागद पिशवीत घातले. चपला घालताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.